पुढे जाऊन शिरू की मागेच?

प्रश्न : मी कोथरूडची. सहा महिन्यांपूर्वी गाडी शिकले, आता रोज हिंजवडीला स्वतः जाते. चांदणी चौकात रॅम्पवरून महामार्गाला लागताना माझी लेन पुढे संपते. मी ती संपेपर्यंत जाते आणि मग आत शिरते. मागचे हॉर्न मारतात, कधी शिव्याही देतात. सासरे म्हणतात, “जागा दिसली की लगेच शिरावं. पुढे जाणं म्हणजे रांग मोडणं.” बरोबर कोण? आणि एवढा मोठा पूल झाला, तरी तिथे अडकायला का होतं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, रस्त्याच्या कामांत माझी तीस वर्षं गेली, पण सून-सासऱ्यांच्या वादात पडायची हिंमत आजच करतोय. दोघंही अर्धे अर्धे बरोबर आहात.

वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत असेल, तर बरोबर तुम्ही. दोन्ही रांगा शेवटपर्यंत भरू द्यायच्या आणि तोंडाशी एकाआड एक जायचं, दप्तराची चेन लागते तसं. जर्मनीत हे कायद्यातच आहे आणि पद्धतीला नावही चेनवरूनच दिलंय. लवकर शिरणारा सज्जन वाटतो खरा, पण त्याच्यापुढचं डांबर रिकामं राहतं आणि रांग तेवढी मागे वाढते. शिवाय शिरायच्या दहा जागा झाल्या की ब्रेक मारायच्याही दहा जागा होतात. फक्त पुढे जाताना सुसाट जाऊ नका. शिव्या बहुतेक त्याच्याच असतात.

सकाळी लवकर, महामार्ग ८० च्या वेगानं वाहत असताना मात्र गणित उलटं. तिथे मान आधीपासून धावणाऱ्या गाडीचा. रॅम्पपुढची ती पट्टी वेग घ्यायला दिलेली असते. तिच्या टोकाशी जाऊन थांबलात तर फसलात, कारण ८० च्या वेगाची गाडी सेकंदाला २२ मीटर येते. उभ्या गाडीला शिरायला लांबलचक फट लागते, धावत्या गाडीला छोटी पुरते. म्हणून इंडिकेटर, आरसा, मान वळवून एक नजर (दुचाकी नेमकी आरशात न दिसणाऱ्या जागी असते) आणि त्यांच्याच वेगानं आत.

आता पुलाचं. जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये मध्यरात्री स्फोटानं पाडला, ते मी टीव्हीसमोर जागून पाहिलं. तरी तो पुरता पडला नाहीच, उरलेला पोकलेननं तोडावा लागला. जुन्या बांधकामाचं मला उगाच कौतुक वाटलं. ऑगस्ट २०२३ मध्ये नवा पूल सुरू झाला. त्यानं मुळशी, बावधन, एनडीए, कोथरूडच्या वाटा सुट्या केल्या, पण त्या शेवटी मिळतात त्याच महामार्गाला. नळ वाढवले, मोरी तेवढीच.

त्यात मोरीच्या तोंडाशी कुणी बोळा घातला की संपलंच. मध्यंतरी मी तिथे अर्धा तास उभा राहिलो. एक खासगी बस नेमकी वेग घ्यायच्या पट्टीत थांबली. क्लीनर दाराला लोंबकळत “ठाणे, बोरिवली, बोरिवली” ओरडत होता, दोन बॅगा डिकीत टाकेपर्यंत मागे रॅम्प भरला. बस गेली, कोंडी राहिली. जपानमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या एकाच वेगानं फिरवल्या होत्या. ना रॅम्प, ना सिग्नल, ना बस. तरी कोंडी आपोआप तयार झाली आणि मागे मागे सरकत राहिली. आपल्याकडे तर निमित्तांची कमी नाही.

रॅम्पवर सिग्नल बसवून गाड्या एकेक करून सोडतात, तसा उपायही आहे. अमेरिकेत मिनियापोलिसच्या परिसरात २००० साली असे सुमारे ४३० सिग्नल काही आठवडे बंद ठेवून पाहिले, तर अपघात २६ टक्क्यांनी वाढले. पण इथे ते बसवले तर दुचाकी डावीकडून निघून जातील, याची मला खात्री आहे. म्हणून मी आधी बसथांबा मागे सर्व्हिस रोडवर न्या म्हणेन, आणि पट्टी लांब करा.

तुमच्यासाठी अजून एक. ट्रकच्या पुढे शिरू नका, मागे शिरा. आपण रॅम्पवरून त्याच्या डावीकडून येतो आणि ड्रायव्हर बसतो उजवीकडे. केबिनला खेटून असलेली तुमची छोटी गाडी त्याला दिसतच नाही.