मध्यम बोअरच्या शिकारी काडतुसांची सुरुवात कशी झाली?

थोडक्यात सांगायचं तर, मध्यम बोअरच्या, म्हणजे नळीचा व्यास ना लहान ना फार मोठा अशा रायफलींच्या काडतुसांची गरज आफ्रिकेत भासली आणि ती घडली बर्लिन-लंडनमध्ये. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधल्या शेतकऱ्यांना इंग्रजी दुनळी रायफल परवडत नव्हती, स्वस्त माउझर ही जर्मन एकनळी रायफल मात्र मिळत होती. बर्लिनचे बंदूक-कारागीर ओटो बॉक यांनी १९०५ च्या सुमारास त्याच माउझरमध्ये बसेल असं ९.३×६२ (गोळीचा व्यास ९.३ मिमी, पुंगळीची लांबी ६२ मिमी) काडतूस तयार केलं. माझ्या मते ही या सगळ्यातली सर्वांत शहाणी रचना: नवी यंत्रणा नको, आणि १८.५ ग्रॅमची जड गोळी.

लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूक-कंपनीचं .३७५ (इंच व्यासाचं) मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस १९१२ साली आलं. त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरलेलं धातूचं कवच, हातात घेऊन बघा. ती तोंडाकडे हळूहळू निमुळती होत जाते आणि खांदा (गोळीजवळ पुंगळी अरुंद होते तो भाग) अगदी उतरता असतो. उष्ण हवेत दाब वाढला तरी ती चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) अडकू नये, हा त्यामागचा विचार. पण इतक्या उतरत्या खांद्यावर काडतूस नेमकं टेकत नाही, म्हणून बुडाशी धातूचा जाड पट्टा ठेवला. हा पट्टा मजबुतीसाठी आहे असं अनेकजण सांगतात, ते चूक आहे. त्याचं काम काडतूस जागेवर रोखणं एवढंच. पुढे हाच पट्टा कित्येक अमेरिकन मॅग्नम काडतुसांनी उचलला.