सोलापूरच्या पूर्व भागात वृद्धांच्या स्मरणशक्तीसाठी ओपीडी सुरू करतोयस, म्हणून सांगतो

आल्या आल्या कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगू नकोस. मिनी-कॉग या स्मरणशक्तीच्या झटपट चाचणीत तीन शब्द लक्षात ठेवायचे आणि एक घड्याळ काढायचं, एकूण 5 गुण; 3 पेक्षा कमी आले तर पुढची तपासणी. सोपं वाटतं. पण जन्मभर विड्या वळलेल्या आजींनी पेन कधी धरलेलं नसतं, आणि घरची बोली तेलुगू. त्यांना मराठीत शब्द दिलेस तर नापास तूच! सून दुभाषी म्हणून चालेल, फक्त उत्तरं सुचवू देऊ नकोस. त्यापेक्षा विचार, गड्ड्याची जत्रा कधी असते? हजार विड्यांच्या मजुरीचा हिशेब जमतो का? मग सुनेला बाजूला घेऊन, वर्षभरात काय बदललं ते. माझं निम्मं निदान तिथंच होतं.

यंत्रमागावर राबलेल्या आजोबांचे कान आधी बघ. खटखटाटानं ऐकू कमी येतं आणि आपण लिहितो 'विसरभोळे'. (मीही लिहिलंय.) बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या हे पाहिल्याशिवाय डिमेन्शियाचं (स्मृतिभ्रंशाचं) नाव घेऊ नकोस.

दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागले असतील तर प्रकरण वेगळं. साखर लगेच बघ, संसर्ग आणि सोडियमसाठी त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात पाठव.