ब्लॅकजॅक शिकायचंय, पण एका डावाला किती लावू?

प्रश्न: नमस्कार दादा, मी चाळीसगावचा, वय २६. आमच्याकडे आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात, त्यामुळे तीन पत्ती, रमी लहानपणापासून येते. आता मित्रांसोबत गोव्याला चाललोय, तिथं कॅसिनोत ब्लॅकजॅक खेळायचं ठरलंय आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. एक मित्र म्हणतो हरलं की पुढच्या डावाला डबल लावायचे, एकदा जिंकलं की सगळं वसूल. हे खरं का? आणि आधी मोबाइलवर पैसे लावून प्रॅक्टिस करू का?

उत्तर: भाऊ, आधी तीन पत्ती डोक्यातून काढ. ब्लॅकजॅकमध्ये तू फक्त डीलरशी, म्हणजे पत्ते वाटणाऱ्या कॅसिनोच्या माणसाशी खेळतोस: पत्त्यांची बेरीज २१ च्या वर न जाता त्याच्यापेक्षा जास्त आणायची, चित्रांचे पत्ते दहाचे धरायचे, एक्का एक किंवा अकराचा. ब्लाइंड चाल करून समोरच्याला घाबरवणं इथं चालतच नाही, कारण डीलरला स्वतःचं डोकं वापरायची मुभाच नसते, १६ पर्यंत पत्ता घ्यायचा आणि १७ झाले की थांबायचं, एवढंच. म्हणून प्रत्येक हाताला काय करायचं हे गणितानं काढता येतं, आणि ते १९५६ सालीच अमेरिकन सैन्यातल्या चार जणांनी साध्या कॅल्क्युलेटरवर काढून छापलं. त्यालाच बेसिक स्ट्रॅटेजी म्हणतात, आणि त्याचा तक्ता पाठ करायचा असतो, अंदाज लावायचा नसतो.

सुरुवातीला एवढं धर. तुझे १३ ते १६ आणि डीलरची दुर्री ते छक्की दिसतेय तर थांब, कारण छक्की असताना डीलर शंभरातून साधारण ४२ वेळा २१ च्या वर जाऊन फुटतो. त्याची सत्ती किंवा मोठा पत्ता असेल तर मात्र तुझ्या १६ वरही पत्ता घे. इथंच नवे लोक घाबरतात, आणि १६ वर दश्शी समोर असली की तू जास्त वेळा हरणारच आहेस, पण पत्ता घेतला तर थोडं कमी हरशील. एक्के आणि अठ्ठ्या जोडीनं आल्या तर वेगळ्या करून दोन हात कर, दश्शा कधीच नको. इन्शुरन्स, म्हणजे डीलरचा एक्का दिसत असताना त्याचा झाकलेला पत्ता दहाचा आहे यावर लावायची वेगळी बेट, घेऊच नको, ते दुप्पट देतात, म्हणजे बरोबरी व्हायलाही तीनातून एकदा जिंकावं लागतं, पण दहाचा पत्ता (दश्शी, गुलाम, राणी, राजा) असायचा चान्स १३ त ४, म्हणजे तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमी.

आता पैशाचं, आणि हे मनापासून सांगतोय. मित्राचं डबलचं गणित सोडून दे. १०० पासून सुरू केलं आणि सात डाव ओळीनं गेले तर १२,७०० गेले, आठव्याला १२,८०० लावायचे आणि ते पण फक्त १०० कमवायला! शिवाय टेबलाला वरची लिमिट असतेच, ती मधेच अडवते. सगळं बरोबर खेळलास आणि नियम चांगले असले तरी कॅसिनोचा वाटा साधारण अर्धा टक्का राहतो, तो बेट लहानमोठी करून जात नाही. एकाच रकमेनं खेळ. समज ५०० चा डाव, तासाला ६० डाव, तर सरासरीनं १५० जातील, पण प्रत्यक्षात त्याच तासात चार-साडेचार हजार वरखाली सहज होतात, म्हणून जे गेले तरी घरात कुणाला कळणारही नाही अशी रक्कम घे, तिचे चाळीस-पन्नास भाग कर, एक भाग म्हणजे एक डाव. एवढ्यात टेबलाची कमीत कमी बेट बसत नसेल तर बसूच नको, उसने तर अजिबात नको भाऊ, मित्राकडूनही नाही. बसायच्या आधी टेबलावर काय लिहिलंय ते बघ, ब्लॅकजॅक, म्हणजे पहिल्या दोनच पत्त्यांत एक्का आणि दहाचा पत्ता, आला तर ५०० ला ७५० देतात की ६००, ६०० देत असतील तर उठ, कॅसिनोचा वाटा तिथं जवळपास दोन टक्क्यांवर जातो.

मोबाइलवर पैसे लावून नको, २०२५ च्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन गेम बंद केलेत. घरातलीच गड्डी घे, डीलरचा एक पत्ता उघडा ठेव आणि १२ ते १६ चे हात पुन्हापुन्हा काढ, दर वेळी तक्ता बघून उत्तर तपास, आणि न बघता बरोबर यायला लागलं की मग एक्क्यासोबतचे हात घे, ते जास्त चुकतात.