जुनी ९११, घरचं गॅरेज आणि मोडायला काढलेली एफडी

तुमचं पत्र दोनदा वाचलं, एकदा पैशाचा सल्ला देणारा म्हणून आणि एकदा स्वतःच्या जुन्या गाडीखाली आडवं पडून कोपरं काळी करून घेतलेला माणूस म्हणून. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं, फक्त दुसऱ्या वेळी लिहायला जरा जिवावर आलं.

तुमची केस थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. २००१ ची पोर्शे ९११, ९९६ मॉडेल, ३.४ लिटर इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच संपत आलाय आणि गिअरबॉक्स उतरवतोच आहोत तर ते बदनाम आयएमएस बेअरिंगपण (इंजिनाच्या आतलं, मोडलं तर इंजिनच घेऊन जाणारं) बदलून टाकू असा बेत. गॅरेजचा आकडा तुमच्या अडीच पगारांएवढा, त्यात एक पगार पार्ट्सचा आणि दीड लेबरचा. तुम्ही म्हणता लेबर वाचवतो, घरीच करतो, टूल्स आणि गिअरबॉक्स जॅकला एक पगार जाईल, म्हणजे एकूण दोन पगार, आणि तेवढ्यासाठी इमर्जन्सीची एफडी मोडतो. तिच्यात चार महिन्यांचा घरखर्च आहे. आणि बायकोला अजून सांगितलेलं नाही.

आता बघा, तुमच्या डोक्यात "दीड पगार वाचतोय" असं बसलंय, पण वाचतोय अर्धा. टूल्स आयुष्यभर राहतात हे मान्य, सॉकेट सेट आणि टॉर्क रेंच (बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) खरंच राहतील, पण गिअरबॉक्स जॅक आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे दांडे) लॉक करायची टूल्स पुढचा क्लच येईपर्यंत कोपऱ्यात धूळ खाणार, आणि पुढचा क्लच यायला काही वर्षं जातील. ती उसनी किंवा भाड्याने मिळत असतील तर आकडा थोडा सुधारतो, पण खरी गोम टूल्समध्ये नाहीच.

खरी गोम चुकीच्या किमतीत आहे. आयएमएस म्हणजे इंटरमिजिएट शाफ्ट, क्रँककडून, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याकडून, फिरणं घेऊन चेनवाटे कॅमपर्यंत पोचवणारा. त्याचं एक टोक ज्या बेअरिंगवर फिरतं ते फ्लायव्हीलच्या मागे बसलेलं, म्हणून गिअरबॉक्स, क्लच, फ्लायव्हील सगळं उतरवल्याशिवाय ते दिसतसुद्धा नाही, आणि म्हणूनच लोक ते क्लचसोबत उरकतात, त्यात तुमचं काही चुकलेलं नाही. पण त्याचं झाकण काढायच्या आधी इंजिन बरोबर टॉप डेड सेंटरला (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) लॉक करायचं, कॅम धरून ठेवायचे, चेन टेन्शनर सैल करायचे. यातलं एक विसरलं की शाफ्ट हलतो, टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ, उडी मारतं आणि इंजिन सुरू केल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला जातात. फ्लायव्हीलचे बोल्टपण एकदाच वापरायचे असतात, जुनेच परत लावून चालत नाही.

समजा तुमच्या हातून ही गडबड व्हायची शक्यता दहात एक आहे, पहिल्यांदाच गिअरबॉक्स उतरवणाऱ्यासाठी मी हे उदारपणे धरतोय. आणि समजा इंजिन पूर्ण उघडून बांधायला बारा पगार लागतात. बाराचा दहावा भाग म्हणजे एक पूर्णांक दोन पगार, ही झाली तुम्ही उचलत असलेल्या जोखमीची किंमत, आणि बदल्यात मिळतोय अर्धा पगार. आकडे तुमचे तुम्ही बदलून बघा, माझ्यापेक्षा तुम्हाला तुमचे हात जास्त माहीत आहेत, पण विसात एक धरलं तरी पारडं तुमच्या बाजूला येत नाही.

म्हणून मी लेबर किती वाचतंय ते कधी बघत नाही, चुकलो तर किती जाईल ते बघतो. त्या मापाने ९९६ वर घरी करण्यासारखं भरपूर आहे आणि त्यात मजापण आहे. ऑइल, फिल्टर, ब्रेक फ्लुइड, ब्रेक पॅड, स्पार्क प्लग, तडे गेलेल्या इग्निशन कॉइल्स. पुढचा बंपर उतरवून रेडिएटर आणि एसी कंडेन्सरच्या मधे अडकलेला पालापाचोळा काढणं तर अर्ध्या दिवसाचं काम, त्याला नुसता वेळ लागतो आणि रेडिएटर गंजण्यापासून वाचतात. हे सगळं गॅरेजला दिलं तर वर्षाकाठी लेबरच इतकं होतं की तुमचा खरा फायदा तिथेच आहे. त्यासाठी लागणारी टूल्स तुमच्या यादीच्या पाव खर्चात येतील. गाडी फक्त जॅकवर ठेवून खाली जायचं नाही, स्टँड लावायचे, हे लिहायला लागू नये पण लिहितो.

एक काम मात्र याच रविवारी करा, फुकटात जमा आहे. या इंजिनात ऑइल फिल्टर कागदी, प्लॅस्टिकच्या डब्यात बसलेला. तो काढा, ब्लेडने कागद कापून घड्या उलगडा, पांढऱ्या कपड्यावर पसरवा आणि टॉर्चच्या उजेडात तिरकं धरून बघा. चमकणारे कण दिसले तर मॅग्नेट फिरवा. चिकटले तर लोखंड, म्हणजे बेअरिंगचा संशय. चिकटत नाहीत तर अल्युमिनियम असू शकतं. तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे असतील तर ते बहुतेक चेनच्या गाइडचे. फिल्टर स्वच्छ निघाला म्हणजे बेअरिंग शंभर टक्के ठीक असं नाही, पण घाईत एफडी मोडायची गरज नाही एवढं नक्की कळतं. ऑइल आठ लिटरच्या आसपास लागतं, एकच डबा आणून बसू नका.

माझीच एक फजिती सांगतो. ऑइल बदलून झालं, रात्रीचे अकरा वाजलेले, ड्रेन प्लग अजून थोडा घट्ट करावा म्हणून टॉर्क रेंच न लावता अंदाजाने ओढला आणि हाताला एकदम तो मऊ मऊ फील आला, बोल्ट फिरतोय पण घट्ट होत नाही. अल्युमिनियमचे आटे गेले. मग गाडी उचलून न्यायला लागली, आटे नवीन बसवले, वर्षभर ऑइल घरी बदलून जे वाचवलं होतं ते एका संध्याकाळी गेलं. पण तेवढंच गेलं, इंजिन नाही गेलं, फरक तिथे आहे.

तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय की "तशीपण ही गुंतवणूकच आहे, जुन्या ९११ महागच होणार." अहो, ९९६ बरीच वर्षं सगळ्यात स्वस्त ९११ म्हणून ओळखली गेली, निम्मं लोकांना न आवडलेल्या त्या हेडलाइटमुळे आणि निम्मं याच बेअरिंगमुळे. जास्त भाव टर्बो आणि जीटी३ ला, कारण त्यांचं इंजिन वेगळं, त्याला हा आजार नाही. तुमची वाढली किंमत तर आनंद आहे, पण टायर, इन्शुरन्स, कूलंटची फुटणारी टाकी हे सगळं वजा केल्यावर काय उरतं ते बघा. माझ्या वहीत ती गाडी छंदाच्या खात्यात आहे, गुंतवणुकीच्या नाही, आणि छंदावर खर्च करायला माझी अजिबात हरकत नाही, फक्त एफडी त्या खात्यातली नाही.

तर मी असं करीन. एफडीला हात लावायचा नाही, उलट ती सहा महिन्यांच्या खर्चापर्यंत न्यायची. फिल्टर स्वच्छ असेल तर गाडी जपून आणि कमी चालवायची, आणि क्लच घसरायला लागला तर उभी करायची, तसंही ती काही तुमची ऑफिसची गाडी नाही. घरी केलेल्या प्रत्येक कामाचं वाचलेलं लेबर त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायचं, नुसतं "वाचलं" म्हणून सोडून दिलं तर ते हॉटेलात जातं, अनुभवाने सांगतो. त्यात दर महिन्याला पगाराचा पाचवा भाग घातला तर वर्षाभरात अडीच पगार होतात, तेव्हा क्लच आणि बेअरिंग याच इंजिनवर काम करणाऱ्या स्पेशालिस्टकडे द्यायचं. पार्ट्स तुम्ही आणले तर चालेल का ते आधी विचारा, काही जण आपण आणलेल्या पार्ट्सवर वॉरंटी देत नाहीत आणि ते चूक नाही. बिल, फोटो, किलोमीटरची नोंद एका फाइलमध्ये ठेवा, घरच्या कामांचीसुद्धा, विकताना घेणारा बेअरिंगबद्दल सगळ्यात आधी विचारणार.

आणि बायकोला आज सांगा, एफडी जॉइंट असेल तर तसंही तिची सही लागू शकते.

फिल्टरमध्ये चमक दिसलीच तर गाडी परत सुरू करू नका, उचलून न्यायला सांगा आणि मला पत्र लिहायच्या आधी त्या स्पेशालिस्टला फोन करा.