बाबांची मापाची वही

आपण विचारले आहे की, पोटापाण्याचा धंदा आणि संसार सांभाळून एखादा सामान्य माणूस वर्षानुवर्षे लोकांसाठी काम करू शकतो का, आणि असा माणूस कोणी जवळून पाहिला आहे का. मी नागपुरात राहतो, परंतु माझे बालपण येथून साधारण 60 किलोमीटरवर असलेल्या काटोलमध्ये गेले आणि तेथेच माझ्या बाबांचे शिवणकामाचे दुकान आहे. त्यांच्याकडे पाहून मी 'होय' असे उत्तर देतो. मात्र त्यासाठी घरच्यांना काय सोसावे लागते, तेही सांगणे मला आवश्यक वाटते.

गावात बाबांना सगळे 'मास्तर' म्हणतात. रुग्णांसाठी रक्तदाते मिळवून देणे हे त्यांचे काम, आणि त्याची सुरुवात 1996 मध्ये दुकानातल्याच एका मुलामुळे झाली. काज-बटणाचे काम शिकायला आलेल्या त्या अठरा वर्षांच्या मुलाला सिकलसेलचा आजार होता. विदर्भात हा आजार पुष्कळ घरांत आढळतो. आई आणि वडील दोघेही वाहक, म्हणजे स्वतः आजारी नसूनही त्याचे जनुक बाळगणारे असतील, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 25 टक्के असते. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या, की हाडे आणि सांधे असे ठणकतात की माणसाला कूस बदलवत नाही. थंडीच्या एका रात्री बाबा त्याला शेवटच्या एसटीने नागपूरला घेऊन आले. रक्त चढवावे लागेल, दाते आणा, असे सांगण्यात आले आणि रुग्णालयाबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाने पैसे घेऊन दाता आणून देण्याची तयारी दाखवली. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंदी लागू झाली ती 1 जानेवारी 1998 पासून. तोवर असे व्यवहार उघडपणे होत असत. बाबांनी त्याला नकार दिला आणि स्वतः रक्त दिले, परंतु दुसऱ्या पिशवीसाठी परक्या शहरात कोणाकडे जावे, हे त्यांना कळेना.

परत आल्यावर त्यांनी दुकानातली मापाची वही समोर घेतली. गिऱ्हाइकाचे नाव, गल्ली, उंची, छाती, कंबर, बाही, कॉलर हे सगळे तिच्यात होतेच. त्यांनी पट्टीने एक रकाना वाढवला आणि त्यावर 'रक्तगट' असे लिहिले. तेव्हापासून गळ्यात टेप आणि कानावर पेन्सिल असलेले बाबा कॉलरचे माप झाले की त्याच सुरात रक्तगट विचारू लागले. ज्याला तो ठाऊक नसे, त्याला पुढच्या शिबिरात तपासून घ्यायला सांगत. रक्तदानाची तारीख लाल शाईने लिहीत, कारण पुरुषाला दोन रक्तदानांमध्ये 90 दिवसांचे आणि स्त्रीला 120 दिवसांचे अंतर ठेवावे लागते. एखादा उत्साही तरुण लवकर आला, तर ते वहीवर बोट ठेवून म्हणत, "नव्वद दिवस नाही झाले जी अजून, तू घरी जाय." छातीचे माप फारच कमी भरले, तर आधी वजन करून यायला लावत, 45 किलोच्या आतल्या माणसाचे रक्त घेत नाहीत, हे त्यांना पाठ होते.

त्यांनी समाजकार्यासाठी वेगळा वेळ काढला, असे मला कधी वाटले नाही. माणसे दुकानात येतच होती. बाबांनी त्यांना एक प्रश्न अधिक विचारला, इतकेच. मला यात त्यांचे शहाणपण दिसते.

खरी ओढाताण होत असे मे आणि जून या महिन्यांत. नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो, महाविद्यालये बंद असल्यामुळे शिबिरे होत नाहीत आणि रक्तपेढ्यांतला साठा आटतो. रक्त आधीपासून भरून ठेवावे म्हटले, तर तांबड्या पेशी सुमारे 35 ते 42 दिवसच टिकतात. नेमके याच काळात शाळेचे गणवेश शिवायला येतात, कारण विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. दिवसभर मेडिकलमधून, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून, आलेले रुग्णांच्या नातेवाइकांचे निरोप घ्यायचे, वहीतून नावे काढायची, दात्याला गाडीत बसवून द्यायचे आणि रात्री दहानंतर कापडावर कातर चालवायची, असे त्यांचे दिवस जात. एका वर्षी नवरदेवाचा सफारी वेळेवर झाला नाही. बाबांनी रात्रभर मशीन चालवून तो लग्नाच्या सकाळी जानवशाच्या घरी नेऊन दिला, शिलाई घेतली नाही, आणि त्यानंतर दिलेली तारीख कधीच चुकवली नाही. ज्याने कापड विश्वासाने हाती दिले, त्याला फसवून दुसऱ्याचे भले करायचे नसते, असे त्यांचे मत होते आणि मला ते पूर्णपणे पटते.

या सगळ्यात आईचा वाटा कोणी मोजला नाही. गणवेशांची काजे आणि तुरपाई ती, वीज गेल्यावरही, रॉकेलची चिमणी विझेपर्यंत करीत बसे. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी बाबा एका बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह रक्ताचा दाता घेऊन नागपूरला गेले होते. पेढा आईनेच भरवला. मला त्या दिवशी फार वाईट वाटले होते आणि ते खोटे होते, असे मी आज म्हणणार नाही. आई मात्र स्वतः रक्त द्यायला दोनदा गेली आणि दोन्ही वेळा हिमोग्लोबिन 12.5 च्या खाली भरल्यामुळे परत आली. तिसऱ्या वेळी ते भरले, तेव्हा बाबांनी वहीत तिच्या पोलक्याच्या मापासमोर लाल तारीख लिहिली आणि वही तिला दाखवली.

2022 मध्ये बाबांनी वयाची 65 वर्षे पूर्ण केली आणि नियमाप्रमाणे त्यांचे स्वतःचे रक्तदान थांबले. हात थरथरत असल्यामुळे कटिंगही आता ते करीत नाहीत. 1996 मधला तो मुलगा औषधे नियमित घेतो, थंडीत जपून राहतो आणि दुकान तोच चालवतो. वहीची सहावी प्रत सुरू आहे आणि लाल शाईच्या तारखा त्याच्या अक्षरात आहेत.