भाडेकरूविरुद्धचा जुना दावा आणि नावाचा शोध

प्रश्न : वडिलांच्या निधनानंतर गिरगावातील आमच्या पागडीच्या खोलीसाठी मालकांनी लघुवाद न्यायालयात दावा लावला, तेव्हा वारस म्हणून माझेही नाव प्रतिवादींत आले. पुढे तडजोड होऊन तो मागे घेतला गेला. आता ठाण्यात भाड्याने घर पाहताना एका घरमालकांनी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर माझे नाव शोधून नकार दिला. हे नाव काढून घेता येईल का?

उत्तर : हक्क म्हणून मागता येईल अशी तरतूद आज नाही. वैवाहिक दाव्यांचे कामकाज छापण्यास हिंदू विवाह कायद्याच्या कलम 22 ने मनाई आहे. घर खाली करून मागण्याच्या दाव्यांना तसे संरक्षण नाही. न्यायदान खुल्या न्यायालयात व्हावे हा नियम सर्वोच्च न्यायालयाने 1966 मध्ये मिरजकर प्रकरणात मान्य केला, मात्र न्यायासाठी आवश्यक असेल तेथे प्रसिद्धी रोखण्याचा न्यायालयाचा अधिकारही त्याच निकालात मान्य झाला. या आधारे आपण अर्ज करू शकता, परंतु तो मंजूर होईलच असे नाही.

नोंद खुली असण्याला माझा आक्षेप नाही, कारण एखादा मालक चाळभर भाडेकरूंवर दावे लावत सुटला आहे का, हेही त्याच नोंदींतून कळते. खटकतो तो नावावरून होणारा शोध. नावाची तीन अक्षरे आणि वर्ष भरले की ‘अमुक विरुद्ध तमुक’ अशी यादी समोर येते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार मालकाला स्वतःसाठी जागा हवी असली तरी दावा लावता येतो, आणि थकबाकीच्या दाव्यातही समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत भाडे, व्याज व खर्च भरल्यास घर खाली करण्याचा हुकूमनामा होत नाही. यादीत यातले काहीच दिसत नाही. कॅलिफोर्नियात 2017 पासून, दावा दाखल झाल्यावर 60 दिवसांत मालक जिंकला नाही, तर कागदपत्रे सर्वसाधारणपणे त्रयस्थांना बंदच राहतात. आपल्याकडेही मागे घेतलेले दावे निदान नावाच्या शोधातून वगळायला हवेत.

तूर्त तडजोडीच्या पुरसिसची (न्यायालयात दिलेल्या लेखी निवेदनाची) आणि अंतिम आदेशाची प्रमाणित नक्कल काढून ठेवा, आणि पुढच्या घरमालकांना त्यांनी शोध घेण्याआधीच ती दाखवा.