आधी घनता मोज

वेंगुर्ला, आषाढ

प्रिय पोरी,

तू पाठवलेली फाइल दोनदा नीट वाचली. राजस्थानातल्या तुमच्या चांदीच्या पट्ट्याचा साठा क्रिगिंगने, म्हणजे आजूबाजूच्या बोअरच्या आकड्यांवरून मधल्या जागेचा अंदाज बांधून, काढायचा की दुसऱ्या कुठल्या पद्धतीने, कट-ऑफ, म्हणजे खाणायोग्य धरायची किमान चांदी, टनाला ५० ग्रॅम धरायचा की ८०, साहेबांना एकच आकडा हवाय तो कुठला द्यायचा, या विचारांनी झोप लागत नाही म्हणतेस. झोप उडावी अशी गोष्ट वेगळीच आहे. घनतेच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत २.८, म्हणजे घनमीटरला २.८ टन, भरलंय. प्रत्येक बोअरला, प्रत्येक मीटरला. कुणी मोजलं हे?

घनता मोज. बाकीचं मग बोलू.

ग्रेडमागे, म्हणजे टनात किती ग्रॅम चांदी त्या आकड्यामागे, सगळेच धावतात. तुमचीच मापं घे. लांबी ४०० मीटर, उताराच्या दिशेने १५० मीटर, खरी जाडी ४ मीटर. म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर. ग्रेड टनाला १२० ग्रॅम. घनता २.७ धरलीस तर ६ लाख ४८ हजार टन खडक आणि जवळपास ७८ टन चांदी. ३.२ धरलीस तर ७ लाख ६८ हजार टन आणि ९२ टन चांदी. ट्रॉय औंसात २५ लाखांचे साडेएकोणतीस लाख झाले! लॅबचा एक आकडा बदलला नाही, एक नवा बोअर मारला नाही, आणि १४ टन चांदी आली कुठून?

आपल्या देशातली जवळजवळ सगळी चांदी शिसे-जस्ताच्या खनिजातून निघते, हे तुला ठाऊक आहे. गॅलेनाची, म्हणजे शिशाच्या खनिजाची, घनता साडेसात, क्वार्ट्झची २.६५. म्हणजे कोअरचा, बोअरमधून काढलेल्या खडकाच्या दांड्याचा, जो तुकडा चांदीने श्रीमंत, तोच बहुधा जड. सरासरी काढताना नुसत्या लांबीचा भार देऊन भागत नाही, घनतेचाही द्यावा लागतो. नाहीतर श्रीमंत तुकड्याचा वाटा मारला जातो. वरच्या, हवापाण्याने ऑक्सिडाइज्ड झालेल्या भागाची गोष्ट उलटी. गॅलेनासारखी सल्फाइडं धुऊन गेलेली, खडक सच्छिद्र, हलका. त्याला खालच्या ताज्या खडकाची घनता लावलीस की जमिनीत नसलेले टन कागदावर येतात.

कोअरचा तुकडा वाळव, हवेत तोल, पाण्यात बुडवून तोल. हवेतल्या वजनाला दोन वजनांच्या फरकाने भाग. सच्छिद्र तुकड्याला आधी मेणाचा पातळ थर दे आणि हिशेबातून मेण वजा कर. वाळवायला कंटाळू नकोस. आमच्याकडचा जांभ्याचा चिरा वैशाखात उचल आणि आत्ता, पावसात, उचल, पाणीच तोलशील. लॅब ग्रेड काढते ती वाळवलेल्या नमुन्यावर, मग टनही कोरडेच हवेत. ऑक्साइडमध्ये वेगळी, सल्फाइडमध्ये वेगळी, पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीच्या खडकात वेगळी. घनता मोज, पोरी. गृहीत धरू नकोस.

मला लोक हेकट म्हणत. एका लोहखाणीवर घट्ट हेमेटाइट आणि भुसभुशीत भुकटी, दोन्हींना एकच घनता लावली होती. त्या अहवालावर मी सही केली नाही. अहवाल माझ्या सहीवाचून गेला, मला साइटवरून उचलून टेबलाशी बसवलं, बढती मागच्याला मिळाली. त्याची झळ घरच्यांना लागली, ते आजही सलतं. सही न केल्याचं मात्र कधी सलत नाही. समंजसपणाने घ्यायला हवं होतं म्हणणारे अजून भेटतात. कसला समंजसपणा? दगड हातात घेऊन न तोलता त्याचं वजन लिहायचं?

आणि तो एकच आकडा. इतक्या विरळ बोअरवर तो देताच येत नाही. जॉर्कच्या, म्हणजे खनिजसाठे जाहीर करण्याच्या ऑस्ट्रेलियन संहितेच्या, नियमांत अशा टप्प्यावर टन आणि ग्रेड दोन्ही पल्ल्यात सांगायचे असतात, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि हे अजून संकल्पनेच्या पातळीवर आहे असं स्पष्ट लिहायचं असतं. साहेबांपुढे तो नियमच ठेव. चिडतील. चिडू देत.

साइटवर काटा नाही म्हणतेस. मागणी लेखी कर. खर्चाला नाही म्हणाले तर मला फोन कर, माझा काटा कुरिअरने पाठवतो. त्याला खालून तार अडकवायचा हुक आहे. बादली तेवढी तिथे बघ.

तुझा,
काका